ओढ्यात बुडी मारणारा उंदीर



शिराळा तालुक्याच्या पश्चिम भागातून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांची भाताची खाचरे ओढ्याला लागून आहेत. पोरे ओढ्यावर गेली असता एक काळपट जनावर बांधावरून धावत आले, धप्पकन पाण्यात पडले, बुडी मारून पलीकडच्या काठाला निघाले आणि करवंदीच्या जाळीत गेले. आकाराने उंदराहून मोठे, मांजरापेक्षा लहान. सासरे म्हणतात, हा चांदोलीच्या रानातून आलेला पाणउंदीर आहे, त्याला मारू नये. मालक म्हणतात, उंदीर तो उंदीर, भात पोटरीत आले आहे, विष टाकायचे. घरात तीन वर्षांचे मूल आहे, दोन शेळ्या आहेत, कोंबड्या तर सगळ्या वाडीच्या आहेत. तेव्हा साहेब, खरे काय आणि करायचे काय, असे त्यांनी विचारले आहे. पत्राच्या शेवटी आणखी एक प्रश्न आहे, त्याचे उत्तरही शेवटीच देतो.

ताई, तुम्ही केलेल्या वर्णनावरून हे जनावर म्हणजे शेतातली घूस आहे. तोंड आखूड व बोथट, कान गोल, अंगावर राठ काळपट केस, शेपूट अंगापेक्षा थोडी आखूड आणि बिनकेसांची. कोंडीत सापडली की पाठीवरचे केस उभे करून डुकरासारखी गुरगुरते. इंग्रजीत हिला बँडिकूट म्हणतात. तो शब्दही मुळात आपल्याच देशातला. तेलुगू भाषेत पंदिकोक्कु म्हणजे डुक्करउंदीर, त्यावरून साहेब लोकांनी तो उचलला. घुशीच्या दोन जाती आपल्याकडे लक्षात ठेवाव्यात. गावातल्या गटारात, जुन्या वाड्याच्या पायात आणि उकिरड्याजवळ राहते ती थोरली घूस, ती किलोभर वजनाची होते. शेतात राहते ती धाकटी, वजन साधारण पावशेर ते दीड पावशेर. शास्त्रात तिचे नाव बँडिकोटा बेंगालेन्सिस. काही ठिकाणी तिलाच काळा उंदीर म्हणतात. नुकसानीचा हिशेब मांडला तर आपल्या बागायती भागात हिच्याइतका खर्चिक पाहुणा दुसरा नाही.

आणि ती पोहते, चांगली पोहते. ओलसर जमीन, पाण्याचा शेजार व दाट पीक हे तिचे आवडते ठिकाण. म्हणून जिरायतीत ती क्वचित दिसते आणि कालवा आला की त्यामागोमाग येते. बिळात पाणी सोडले की उंदीर बुडून मरतो अशी आपली समजूत आहे. ही बया दुसऱ्या तोंडाने निघून पोहत शेजारच्या वाफ्यात जाते, आणि आपण मात्र बांध भिजवून कमकुवत करून बसतो.

आता सासऱ्यांच्या म्हणण्याविषयी. त्यांचे म्हणणे ह्या जनावराला लागू नसले तरी हसण्यावारी नेण्यासारखे नाही. डोंगरातल्या झऱ्यात राहणारे, पाण्यातच पोट भरणारे खरे पाणउंदीर जगात आहेत. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वताच्या ओढ्यांतून असे उंदीर आहेत, त्यांच्या मागच्या पायांना वल्ह्यासारखी केसांची झालर असते आणि ते धान्याऐवजी खेकडे व पाण्यातले किडे खातात. न्यू गिनी बेटातही तसे आहेत. इंडोनेशियातील सुलावेसी बेटाच्या डोंगरी जंगलात तर २०१४ साली अशा एका उंदराची नव्याने नोंद झाली. शास्त्रज्ञांना तो नवा, पण तिथल्या मामासा भागातल्या गावकऱ्यांना तो आधीपासून ठाऊक होता. ते त्याला पाण्याचा उंदीर म्हणतात आणि तो घरात ठेवला तर घराला आग लागत नाही अशी त्यांची श्रद्धा आहे. कुठल्याही देशात रानाजवळ राहणाऱ्या माणसाला पुस्तकाआधी कळलेले असते, एवढे ह्यावरून दिसते.

आपल्या सह्याद्रीत असा खेकडेखाऊ पाणउंदीर मात्र नाही. पण तुमच्या सासऱ्यांना एक गोष्ट जरूर सांगा, त्यांना आनंद होईल. आपल्या घाटमाथ्याच्या जंगलात एक उंदीर आहे, त्याचे शास्त्रीय नावच सातारच्या नावावरून पडले आहे, रॅटस सातारी. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने त्या काळी देशभर सस्तन प्राण्यांची पाहणी चालवली होती. त्यात सातारा जिल्ह्यातील घाटमाथ्यावर मिळालेल्या नमुन्यावरून १९१८ साली हिंटन नावाच्या शास्त्रज्ञाने हे नाव दिले. बरीच वर्षे तो साध्या घरउंदराचाच एक प्रकार समजला जाई. पुढे ही वेगळी जात आहे असे ठरले. तो पश्चिम घाटाशिवाय जगात कोठेही नाही. सातारा, कुर्ग, निलगिरी अशा मोजक्या डोंगरी जंगलांत तो सापडतो. झाडावर राहतो, शेपूट अंगापेक्षा लांब. तुमच्या भाताशी, उसाशी त्याचे काही देणेघेणे नाही. कोयनेचे अभयारण्य १९८५ साली जाहीर झाले, चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान २००४ साली, आणि २०१० साली दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्या रानात वाघाची चर्चा फार होते, सातारच्या नावाच्या ह्या उंदराची कोणी करीत नाही.

तेव्हा रानाच्या कडेला, देवराईत, झाडाच्या ढोलीपाशी विष ठेवू नका. तिथे तुमचा चोर राहत नाही. तुमचा चोर बांधात आहे.

पाण्यात दिसणाऱ्या आणखी दोन जनावरांचा घोटाळा होतो, तोही इथेच मिटवू. पाणमांजर म्हणजे उद. तो उंदराच्या जातीचा नाही, मासे-खेकडे खाणारा शिकारी प्राणी आहे. अंग लांबट, शेपूट मुळाशी जाड, बोटांमध्ये पडदा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. कुठे डोहाकाठी दिसला तर दुरून पाहावा. दुसरी चिचुंद्री. लांब सोंडेसारखे नाक, अंगाला उग्र वास. तीही उंदीर नव्हे. ती किडे, झुरळे खाते आणि पिकाचे दाणे कुरतडत नाही. रात्री घरातून चूंऽचूं करीत भिंतीकडेने गेली म्हणून तिच्यावर काठी उगारण्याचे कारण नाही.

आता घुशीच्या उद्योगाकडे वळू. कुरतडणाऱ्या सगळ्याच प्राण्यांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. कुरतडून ते झिजवले नाहीत तर जबड्यात मावणार नाहीत. म्हणून भूक असो वा नसो, दात चालूच. पोटाला लागते त्याच्या कितीतरी पट जास्त नासधूस होते ती ह्यामुळे. भातात ती ताटे बुडापासून तिरकी कापते. सुरुवातीला खाचराच्या मध्यभागी ही कापणी होते आणि कडेची दोन-तीन हात ताटे उभीच राहतात, त्यामुळे बांधावरून चालणाऱ्याला पीक भरलेले दिसते. लोंब्या पिकू लागल्या की ती त्या तोडून बिळात ओढते. हरिपूरला हळदीची पेवे असत हे आपल्याला ठाऊक आहे. घुशीचेही जमिनीखाली तसेच पेव असते. बिळाच्या एका दालनात ती काही किलो भात साठवू शकते. एका बिळात सहसा एकच मोठी घूस, किंवा पिलांसह मादी. बिळाला अनेक तोंडे, आणि प्रत्येक तोंड ती आतून भुसभुशीत मातीने बुजवते. गाभण राहिल्यापासून तीन आठवड्यांच्या सुमारास विते. एका वेतात सहा-आठ पिले सहज. तीन महिन्यांत पिले स्वतः वेताला येतात. पाणी आणि पीक बारमाही असले की तिचे वेतही बारमाही, आणि आपण बारमाही बागायत केली आहे.

उसात तर तिला वाडाच मिळतो. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात. तेवढा काळ आत नांगर नाही, माणूस नाही, वर पाल्याचे छप्पर. खालच्या दोन-चार कांड्या कुरतडते. ऊस तेथून लाल होतो, आंबतो, वारा आला की मोडतो. पडलेल्या उसात नुकसान दुप्पट, कारण सगळ्या कांड्या तिच्या तोंडाशी येतात. वाळवा, कराड, पलूस ह्या पट्ट्यात पुष्कळ शेतकरी असा ऊस तोडणीच्या वेळी पाहतात आणि वाऱ्याला दोष देतात.

शिराळा, पाटण, जावळी ह्या बाजूला दिवाळीच्या सुमारास भात निघते. मग घूस जाते कुठे? बाजूच्या उसात. उन्हाळ्याच्या तोंडाला ऊस तुटतो, तेव्हा भुईमुगात आणि गव्हात. उन्हाळ्यात काहीच नसले तर पाटाच्या, कालव्याच्या भरावात. म्हणजे एकट्या माणसाने एका शेतात मोहीम काढून उपयोग काय? आज इकडची मारली, आठ दिवसांत शेजारची रिकाम्या बिळात राहायला येते. उंदरांचा बंदोबस्त हे गावाचे काम आहे, निदान एका शिवाराचे. सगळ्यांनी एकाच आठवड्यात केले तर खर्च थोडा व गुण मोठा.

ह्याला आड येतो तो बांध. दोघांच्या मधला बांध कोणी साफ करायचा, ह्यावर दोन्ही घरे गप्प. मी तीस वर्षे शिवारातून हिंडलो. ज्या बांधावर भावाभावांचा दावा चालू असतो त्या बांधावर घुशीची बिळे सर्वांत जास्त सापडतात, कारण त्या बांधाला वर्षानुवर्षे कोणाचे खोरे लागत नाही. मोजणी व्हायची तेव्हा होईल. तोवर दोघांनी मिळून गवत तरी कापावे. तीन-चार हात रुंदीचे बांध ठेवण्यात आपण जमीनही घालवतो आणि घुशीला बंगलाही बांधून देतो. भात खाचराचा बांध फूटभर रुंद व बुटका ठेवला तर तिला त्यात बीळ धरता येत नाही. मात्र उताराच्या जमिनीवर पाणी अडवण्यासाठी घातलेली ताल ह्या नादात खरवडू नका. तिथे गवत काढणे आणि बिळे बुजवणे एवढेच करावे.

बांधावर खेकड्याचीही बिळे असतात. तुमच्या भागात तर ती भरपूर. खेकड्याच्या बिळाचे तोंड गुळगुळीत, कडेला चिखलाच्या ओल्या गोळ्या, आणि आत हात-दीड हातावर पाणी. घुशीच्या बिळापाशी ताज्या कोरड्या भुसभुशीत मातीचा ढीग असतो व तोंड बुजवलेले. हा फरक पोरांना तुमच्यापेक्षा चांगला कळतो, कारण खेकडे तेच धरतात. पण उंदराच्या बिळात हात घालू देऊ नका. रिकाम्या बिळात नाग किंवा घोणस मुक्कामाला असू शकते.

साप निघाला म्हणून विषय काढतो. बत्तीस शिराळ्याचे नाव नागपंचमीने सर्वदूर गेले. तिथल्या माणसाला सापाची किंमत सांगणे म्हणजे सांगलीकराला हळद दाखवण्यासारखे आहे. धामण बिनविषारी, तिचे मुख्य खाणे उंदीर. तिला शेतात मारणारा माणूस स्वतःचा राखणदार मारतो. गव्हाणी घुबडाचेही तसेच. पांढरे बदामी तोंड असलेले हे घुबड जुन्या वाड्यात, देवळाच्या शिखरात राहते. लोक अपशकुनी म्हणून त्याला हाकलतात. पिले असताना ही जोडी रात्रभर उंदीर वाहत असते. शेतात इंग्रजी टी अक्षरासारखे सात-आठ फूट उंचीचे दांडे रोवा. दिवसा त्यावर कोतवाल, वेडा राघू बसतात, रात्री पिंगळा आणि घुबड. खर्च बांबूचा.

कालव्याची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण तिथे एकट्याचे नव्हे, दहा गावांचे नुकसान होते. कराडजवळ खोडशीच्या बंधाऱ्यावरून निघणारा कृष्णा कालवा एकोणिसाव्या शतकातला. पुढे धोम, कण्हेर, वारणा, आणि दुष्काळी भागासाठी टेंभू, ताकारी, म्हैसाळ ह्या उपसा योजना आल्या. बहुतेक कालव्यांचे व चाऱ्यांचे भराव मातीचे. घूस एका अंगाने बीळ धरते, फांद्या काढते. बिळाचे टोक भिजलेल्या मातीपर्यंत पोहोचले की पाणी आधी झिरपते. झिरपणारे पाणी स्वच्छ आहे तोवर थोडा वेळ हाताशी असतो. ते गढूळ येऊ लागले म्हणजे आतून माती वाहू लागली आहे, आणि भराव फुटण्याची वेळ जवळ आली. डोंगर पोखरून उंदीर काढण्याची म्हण आहे, इथे उंदीरच डोंगर पोखरतो.

परदेशात ह्याचा अनुभव कडू आहे. उत्तर अमेरिकेतला पाण्यात राहणारा मस्करॅट नावाचा उंदीर १९०५ साली प्रागजवळ आणून सोडला. तो युरोपभर पसरला. हॉलंड देशाचा मोठा भाग समुद्रसपाटीखाली, सगळा भरवसा मातीच्या बांधांवर. तिथल्या पाणी मंडळांनी ह्या उंदरासाठी पगारी सापळेवाले नेमले आहेत. इंग्लंडमध्ये कातड्यासाठी १९२९ साली कोयपू नावाचा दक्षिण अमेरिकी पाणउंदीर आणून पाळला. तो पिंजऱ्यांतून सुटला, नदीकाठ पोखरू लागला, बीट व धान्य खाऊ लागला. १९८१ साली त्यांनी ठरवून मोहीम सुरू केली, नेमलेल्या माणसांनी पिंजरे लावून १९८९ पर्यंत तो देशातून संपवला. घूस आपली इथलीच आहे, ती अशी संपणार नाही. पण बांध सांभाळायला माणूस नेमावा लागतो, हे त्यांनी ओळखले. आपल्याकडे पाणीवापर संस्था आहेत. आवर्तन सुटण्यापूर्वी चारीवरून एक फेरी मारायला त्यांना कोणाची परवानगी लागत नाही. भरावावर बिळे दिसली तर पाटकऱ्याला, कालवा निरीक्षकाला लेखी कळवा. स्वतः मोठ्या कालव्याचा भराव उकरू नका. आपल्या पाटात, दांडात मात्र बीळ शेवटपर्यंत उकरून घूस काढावी व चिकणमाती थरथर घालून धुमसाने ठोकावी. नुसते तोंड बुजवणे म्हणजे जखमेवर पट्टी बांधून आत पू ठेवणे.

आता विषाचे. ताई, ह्या ठिकाणी मालकांनाही वाचायला बसवा.

आधी सापळे व उकरणे. दहा-वीस गुंठ्यांच्या खाचरांना बहुधा तेवढे पुरते. तमिळनाडूत कावेरीच्या भातपट्ट्यात बांबूचा धनुष्यासारखा सापळा लावतात, तो तंजावरी सापळा म्हणून ओळखला जातो. आपल्याकडचा बुरूड नमुना पाहून असा सापळा करू शकेल. बिळाच्या तोंडाशी, संध्याकाळी लावायचा आणि उजाडताच काढायचा, म्हणजे कोंबडी अडकत नाही.

बिळे शेकड्यांनी असतील तर विषारी आमिष. त्यात झिंक फॉस्फाईड हे जुने औषध. काळपट भुकटी, लसणासारखा वास. पोटात गेले की त्यातून विषारी वायू सुटतो. त्यावर उतारा नाही. हे वाक्य पुन्हा वाचा. उतारा नाही. म्हणून ते घराच्या आसपास, गोठ्यात, खळ्यावर, धान्याच्या कोठीत कदापि वापरू नये. शेतात वापरायचे तर रीत अशी. पहिल्या दिवशी सगळी बिळे बुजवा. दुसऱ्या दिवशी जिथे ताजी माती वर आली ती बिळे चालू समजा, तेथे काठी रोवा. त्या बिळांत दोन दिवस बिनविषाचे भरडलेले धान्य तेल लावून ठेवा, म्हणजे तिला सवय लागते. घूस फार संशयी. नवा पदार्थ चाखून पाहते, पोट दुखले आणि वाचली तर महिनोन्महिने त्याला तोंड लावत नाही. सवय झाल्यावर ९६ भाग धान्य, २ भाग गोडे तेल, २ भाग औषध असे आमिष करा. किलोभर आमिषाला औषध २० ग्रॅम झाले. जास्त घालू नका, वासाने ती सोडून देते. हातमोजे घालून, काठीने, टाकाऊ डब्यात कालवा. दहा-दहा ग्रॅम कागदाच्या पुडीत बांधून बिळात आत ढकला व तोंड मातीने बंद करा. उघड्यावर एक दाणाही पडता कामा नये. ओलीने औषध उतरते, म्हणून पावसाची उघडीप पाहा. दुसऱ्या दिवशी मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरा, नाहीतर घार, कुत्रे, मुंगूस त्यांना तोंड लावतात. उरलेले आमिषही पुरा.

दुसरे औषध ब्रोमॅडिओलोन. ह्याने रक्त गोठण्याची क्रिया बंद पडते व उंदीर काही दिवसांनी मरतो, त्यामुळे बाकीच्यांना संशय येत नाही, पूर्वआमिषही लागत नाही. तयार वड्या मिळतात, बिळात १५ ग्रॅमच्या आसपास आमिष ठेवतात. ह्यावर के-१ जीवनसत्त्वाचा उतारा डॉक्टरांकडे असतो, म्हणून घराजवळ नाइलाज झाला तर हेच बरे. पण विषारी उंदीर खाऊन घुबडही मरते. एकदा झिंक फॉस्फाईड झाल्यावर पुन्हा लगेच तेच वापरू नये, राहिलेल्या चालू बिळांना ब्रोमॅडिओलोन द्यावे. कोणतेही औषध घ्याल ते पक्क्या पावतीने व लेबल वाचून. धान्यात ठेवण्याच्या वायूच्या गोळ्यांचा मोह धरू नका. त्या सामान्य शेतकऱ्याने हाताळायच्या नाहीत, घराच्या घरे त्यांनी दगावली आहेत.

मुलाने किंवा कोणीही चुकून आमिष खाल्ले तर दूध, तूप, तेल पाजू नका, त्याने विष अधिक भिनू शकते. औषधाचे पाकीट बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा. पोर बरे दिसते म्हणून सकाळची वाट पाहू नका.

तुमच्या बाबतीत माझे मत विचाराल तर, तीन वर्षांचे मूल आणि मोकळ्या कोंबड्या असलेल्या घरी ह्या हंगामात विष आणूच नये. भात आता पोटरीत आहे. खाचरात दाणे तयार होत असताना घूस तुमच्या आमिषाला विचारणारही नाही. आज बांधाचे गवत कापा, चालू बिळे उकरा, सापळे लावा. खरी मोहीम एप्रिल-मे महिन्यांत. तेव्हा खायला काही नसते, घुशींची संख्या कमी असते, बिळे उघडी दिसतात. ग्रामसभेत विषय घ्या, तालुका कृषी कार्यालयाला कळवा, एका आठवड्यात सगळ्या शिवारात करा. उसाचे पाचट मात्र उंदरांच्या भीतीने जाळू नका. पाचटाने जमीन सुधारते. बांधालगत तीन-चार हात पट्टा मोकळा ठेवला म्हणजे झाले.

आजाराचाही एक शब्द. उंदीर-घुशींच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस हा ताप पसरतो. साचलेल्या पाण्यात पायाच्या चिरेतून जंतू शिरतात. २००५ साली मुंबईच्या महापुरानंतर ह्याची मोठी साथ आली होती. २०१९ आणि २०२१ साली कृष्णा-वारणेला पूर आला तेव्हा माणसांप्रमाणे उंदीरही उंचवट्याकडे, म्हणजे घरांकडे आले. लावणीला, चिखलणीला उतरणाऱ्यांनी, आणि त्यात बायकाच अधिक असतात, पायाची भेग किंवा जखम असेल तर ती झाकावी, गमबूट असतील तर घालावेत, घरी आल्यावर साबणाने पाय धुवावेत. ताप, पिंढऱ्या फार दुखणे, डोळे लाल होणे, लघवी कमी होणे, कावीळ असे दिसले तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि आपण भाताच्या चिखलात काम केले हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. वेळेत ओळखला तर साध्या औषधांनी बरा होतो.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. बीळ उकरताना निघालेले भात घरात वापरावे का, सासूबाई पूर्वी ते धुऊन-वाळवून कांडत असत, असे तुम्ही लिहिले आहे. पूर्वी टंचाईच्या काळात पुष्कळ घरांनी ते केले, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. आता करू नका. त्यात घुशीची मूत-लेंडी असते, ओलीने बुरशी धरते, आणि शेजाऱ्याने विष ठेवले असेल तर त्यातली पुडी तुमच्या भातात आली नाही हे कोण सांगणार? ह्याच कारणाने कोंबड्यांनाही घालू नका. उकरलेल्या खड्ड्यातच ते टाका, वर माती ओढा आणि धुमसून घ्या. धुमस नसेल तर मुसळ चालते, पण मग ते पुन्हा घरच्या उखळाला लावू नका.